तेरडा दसऱ्यानंतर मरतो, मग जूनमध्ये परत कसा येतो?

श्रावण सरत आला की वर्तमानपत्रांत कास पठाराचे फोटो यायला लागतात. साताऱ्याजवळच्या या पठारावर तेव्हा गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी आणि जांभळी सीतेची आसवं फुललेली असतात. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कासही आहे. तिथली फुलं पाहून आलेली मंडळी हौसेने नर्सरी गाठतात आणि ‘देशी तेरडा’ मागून आणतात. गणपतीत तो छान फुलतो. दसऱ्याला पानं पिवळी पडतात आणि दिवाळीच्या सफाईत कुंडीत नुसती काडी उरलेली सापडते. मग दर वर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच, “पाणी कमी पडलं की जास्त झालं?”

बहुतेक वेळा दोन्ही नाही. तेरडा त्याच्या ठरलेल्या वेळी गेलेला असतो. पण ‘जाणं’ म्हणजे त्याच्या बाबतीत नेमकं काय, हे कळल्याशिवाय त्याची निगा राखणंही जमत नाही, म्हणून जरा मुळापासून सांगते.

तेरडा ‘आपला’ कसा?

ज्या प्रदेशात एखादी वनस्पती माणसाने न आणता, आपली आपण वाढत आली, त्या प्रदेशाची ती स्थानिक वनस्पती. एवढी साधी व्याख्या. बोलताना आपण तिला देशी म्हणतो.

या व्याख्येने बघायला लागलं की आपल्याच अंगणातली ओळखीची माणसं परगावची निघतात. दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सदाफुली मादागास्करची. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी अमेरिका खंडातून आलेली. यात त्यांना कमी लेखण्याचं काही कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यांची तोरणं बांधली आहेत. पण त्या इथल्या पावसाबरोबर आणि इथल्या किड्यांबरोबर घडलेल्या नाहीत.

तेरडा घडला आहे. भारतीय उपखंड आणि म्यानमार हे त्याचं माहेर. शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना, आणि लॅटिनमध्ये ‘इम्पेशन्स’ म्हणजे अधीर. हे नाव त्याला का मिळालं ते पुढे शेंगेपाशी आलो की लक्षात येईल. या कुळात हजारावर जाती आहेत आणि सह्याद्रीत त्यांतल्या कितीतरी अशा आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. अशांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. कासवर दिसणारा लॉई तेरडा हा असाच उत्तर सह्याद्रीपुरता. म्हणजे कासवर पाहिलेला तेरडा आणि कुंडीत लावायचा तेरडा ही सख्खी नाहीत, चुलत भावंडं आहेत. कुंडीत चुलत भावालाच आणायचं. तो गावोगावच्या बांधावर, ओढ्याकाठी, घाटातल्या रस्त्याच्या कडेला भरपूर असतो आणि घरी आनंदाने वाढतो.

नर्सरीत ‘बाल्सम’ म्हणून मिळतो तो हाच का?

इथे बहुतेकांची फसगत होते. ‘बाल्सम’ किंवा ‘इम्पेशन्स’ या नावाखाली कमीत कमी तीन वेगळी झाडं विकली जातात. एक, चपट्या गोल फुलांचं, बाराही महिने कुंडीत दिसणारं. ते पूर्व आफ्रिकेतलं. दुसरं, जाड चकचकीत पानांचं आणि मोठ्या फुलांचं. ते न्यू गिनीकडचं. तिसरा आपला तेरडा, पण बऱ्याचदा त्याचा गुलाबासारखा भरगच्च दुहेरी पाकळ्यांचा बागायती प्रकार.

दुहेरी फूल दिसायला सुंदर असतं, नाही कोण म्हणेल? पण पाकळ्यांची एवढी दाटी केली की मधमाशीला आत शिरायची वाटच उरत नाही. लग्नाच्या हॉलला फुलांची सजावट इतकी करावी की पाहुण्यांना दारच सापडू नये, तसं. माझं म्हणाल तर एकेरी फुलाचा साधा तेरडाच लावावा. ओळखायची खूण सोपी आहे. निमुळती, कडेला बारीक दाते असलेली पानं, पानाच्या बगलेत लोंबणारं फूल आणि फुलामागे वळलेली शेपटीसारखी बारीक नळी.

फुलाच्या आत काय चाललेलं असतं

त्या शेपटीत मध असतो. तिच्या टोकापर्यंत पोचायला लांब सोंड लागते, म्हणून फुलपाखरं आणि पतंग येतात. मधमाशा फुलाच्या तोंडातून आत घुसतात. त्या बाहेर येतात तेव्हा त्यांच्या पाठीवर पांढरी भुकटी लागलेली दिसते. मुद्दाम थांबून बघा, सकाळी नऊच्या सुमाराला हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

ती भुकटी पाठीवरच का लागते? तेरड्याचे पाचही पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक टोपी झालेली असते आणि ती फुलाच्या छताला, आत जाणाऱ्याच्या पाठीला लागेल अशी बसवलेली असते. त्या टोपीखाली स्त्रीकेसर झाकलेला. उमललेलं फूल सुरुवातीला फक्त पराग देतं. मग ती टोपी आख्खी गळून पडते आणि आतला स्त्रीकेसर मोकळा होतो. आता तेच फूल पराग घेतं. हॉल एकच, पण आधी वरपक्षाचा आणि नंतर वधूपक्षाचा. त्यामुळे फुलाचे पराग त्याच फुलाला लागत नाहीत, दुसऱ्या फुलावरून यावे लागतात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण चार दिवस टिकणाऱ्या नव्या नवलाईला म्हणतो. एका फुलापुरतं ते खरंच आहे, माझ्या गॅलरीत एक फूल दोन-तीन दिवसच टिकतं. पण त्या दिवसांत त्याने दोन कामं उरकलेली असतात, आणि वरच्या पानाच्या बगलेत पुढची कळी तयार असते. झाड सहा-सात आठवडे फुलत राहतं. म्हणीत तेरड्यावर थोडा अन्यायच झाला आहे, असं मला वाटतं.

रंगाचंच निघालं म्हणून सांगते. हिंदीत तेरड्याला गुलमेहंदी म्हणतात आणि ते उगाच नाही. मेंदीला रंग देणारं लॉसोन नावाचं द्रव्य तेरड्यातही असतं. कोरियात तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर ठेचून, नखांवर रात्रभर बांधून नखं रंगवायची जुनी रीत आहे. या झाडाने आपल्या माहेरापासून केवढी मजल मारली!

मग तो मरतो का?

तेरडा वर्षायू आहे. म्हणजे बी रुजण्यापासून बी धरण्यापर्यंतचं सगळं आयुष्य एका हंगामात उरकणारा. जास्वंद किंवा मोगरा बहुवर्षायू, त्यांची मिळकत खोडात आणि मुळांत साठते आणि त्यावर ते पुढची वर्षं काढतात. तेरडा खोडात काही ठेवत नाही. त्याचं सगळं बियांच्या नावावर.

खोड कापून बघा, आत लाकूड सापडणार नाही. पाणीच पाणी. ते उभं राहतं पाण्याच्या दाबावर. सायकलची ट्यूब जशी हवा भरल्यावर ताठ होते, तशा या खोडाच्या पेशी पाण्याने फुगून ताठ राहतात. म्हणून दुपारच्या कडक उन्हात तेरडा एकदम मान टाकतो आणि पाणी दिलं की तासाभरात पुन्हा उभा राहतो. लाकूड बनवायचा खर्चच नको, असं हे पावसाळ्यापुरतं बांधकाम आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि मग आठ महिने नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. पाऊस हटला की खोड सुकतं, पण तोवर बिया जमिनीवर पडलेल्या असतात. तुम्ही रोज पाणी घातलंत तर चार दिवस जास्त जगेल, एवढंच.

मला हे कळायला एक वर्ष जावं लागलं. पहिल्या वर्षी तेरडा सुकल्यावर मी कुंडी सोसायटीच्या कुंपणभिंतीशी नेऊन पालथी केली आणि रिकाम्या कुंडीत दुसरं काही लावलं. पुढच्या जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले आणि त्या भिंतीच्या कडेने इवल्या इवल्या गोल दोन-दोन पानांची रांग उगवली. पंधरा-वीस तरी रोपं असतील. भिंतीच्या एका भेगेतही एक होतं. मी ज्याला मेलेला समजले होते, तो आठ महिने त्या मातीत थांबलेला होता.

अधीर शेंग

आता शेंग. तेरड्याची शेंग बोराएवढी, हिरवी, लवदार आणि दोन्ही टोकांना निमुळती. पिकत आली की तिचा हिरवा जरा फिका पडतो आणि ती टम्म फुगते. तिला पाच कप्पे असतात. त्यांच्या भिंती पाण्याच्या दाबाने, दाबून धरलेल्या स्प्रिंगसारख्या ताणलेल्या असतात आणि शिवणीपाशी कशाबशा जोडलेल्या. पावसाचा थेंब पडला, शेजारचं पान घासलं, तुमचं बोट लागलं की शिवण उसवते. पाचही भिंती क्षणात आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बिया उडतात.

पिकलेली शेंग मुठीत धरून फोडा. तळहातावर ती एकदम हलते, जणू आत कुणी जिवंत आहे. मूठ उघडली की गुंडाळलेल्या हिरव्या सुरळ्या आणि मोहरीपेक्षा जराशा मोठ्या तपकिरी बिया. लहानपणी ज्यांनी आजोळच्या बांधावर हे केलंय त्यांना आता वाचतानाही ती हालचाल आठवली असेल. ‘अधीर’ हे नाव त्यामुळे. ज्या पाण्यावर खोड उभं राहतं, त्याच पाण्याच्या जोरावर शेंग फुटते.

लावायचा कसा

फार थोडं करावं लागतं. आठ-दहा इंची कुंडी, तळाला पाणी जायला भोकं हवीतच. माती, जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू. माती भुसभुशीत हवी, कारण तेरड्याला पाणी आवडतं पण साचलेलं सोसत नाही. बुंध्याशी पाणी तुंबलं की तो तिथेच सडतो.

बी पेरायची वेळ म्हणजे पाऊस नीट सुरू झाल्यावर, साधारण जूनचा दुसरा आठवडा. बी वर टाकून त्यावर मातीचा अगदी पातळ थर द्यायचा. आठवड्याभरात उगवतं. रोपं चार पानांची झाली की एका कुंडीत दोन-तीनच ठेवावीत, वीतभर अंतराने. बाकीची दुसऱ्या कुंडीत हलवा किंवा शेजारी द्या. दाटी केली तर पुढे पानांवर पांढरी भुरी पडते, आणि भुरीवर मोकळ्या हवेइतका चांगला उपाय नाही. पाणी बुंध्याशी द्यावं, पानांवर नको. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की झालं. शेंडा खुडू नका, चांगली फुलं मधल्या खोडावरच लागतात.

पहिले पंधरा दिवस गोगलगायींवर लक्ष ठेवा. रात्रीत अख्खं रोप साफ करतात. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचून काढणं हा माझा तरी एकमेव खात्रीचा उपाय आहे.

पानं खाणारी काळी अळी दिसली, औषध मारू का?

नको. आधी नीट बघा. काळपट अंग, दोन्ही बाजूंना डोळ्यांसारख्या रंगीत ठिपक्यांची ओळ आणि शेपटीला एक शिंग, जे ती चालताना पुढे-मागे हलवते. ही एका हॉक मॉथची, म्हणजे फुलासमोर हवेत तरंगत मध पिणाऱ्या पतंगाची अळी. तिच्या मादीने खूप झाडं सोडून तुमची कुंडी निवडली, कारण तेरडा हे तिच्या पिल्लांचं खाणं आहे. स्थानिक झाड लावायचं ते ज्या कारणासाठी, ते कारण हेच आहे. एखाद-दुसरी अळी चार पानं खाईल, झाडाला ते परवडतं. सात-आठ असतील तर काही उचलून बाहेरच्या तेरड्यावर सोडा.

“एका कुंडीने निसर्ग थोडाच वाचणार आहे?”

नाही वाचणार, हे मान्य. सह्याद्रीची पठारं खाणी आणि बांधकामं थांबली तर वाचतील, गॅलरीतल्या कुंडीने नव्हे. पण एक गोष्ट कुंडीने नक्की होते आणि ती गौरीशी बांधलेली आहे.

कुठे गौरी मुखवट्यांच्या, कुठे खड्यांच्या, तर कित्येक घरी तेरड्याच्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. तेरडा मुळासकट आणायचा, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. पूर्वी घरामागच्या परड्यातून दोन रोपं यायची. आता शहरात बाजारात जुड्या येतात, आणि त्या कुठल्यातरी माळावरून ऐन फुलात, बी धरायच्या आधी उपटलेल्या असतात. बहुवर्षायू झाडाची फांदी तोडली तर ती परत फुटते. वर्षायू झाड बी पडायच्या आत उपटलं की पुढच्या वर्षीचं झाडही त्याच्याबरोबर गेलं. तेरडा आजही विपुल आहे, तो संपत चाललाय असं मी म्हणत नाही. पण शहराच्या आसपासच्या एकाच टेकडीवरून दर भाद्रपदात टेम्पो भरून गेला तर त्या टेकडीवर तो कमी होत जाणार, हे हिशेबाने दिसतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला तेरडा ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलू लागतो, म्हणजे गौरी लवकर असोत की उशिरा, तो तयार असतो. सहा रोपं लावा. दोन गौरीला, चार बियांना. मुळं धुऊन, हळदीकुंकू लावून घरात येणारी गौर आपणच वाढवलेली असली की त्या दिवशी काय वाटतं, ते एकदा अनुभवायला हवं.

“पण तो सगळीकडे माजणार नाही ना?”

हा प्रश्न अगदी योग्य आहे. गाजर गवत आणि घाणेरी यांनी आपली जी दशा केली, ती पाहता विचारायलाच हवा. घरच्या मातीत तेरडा माजत नाही, कारण त्याला खाणारे इथे आहेत, त्याची मुळं उथळ आहेत आणि नको असलेलं रोप दोन बोटांनी उपटून येतं.

परक्या मातीत मात्र चित्र पालटू शकतं. हिमालयात तेरड्याचा एक उंच भाऊबंद आहे. 1839 मध्ये तो बागेची शोभा म्हणून ब्रिटनमध्ये नेला गेला. तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नव्हतं. आज तिथल्या नदीकाठांवर तो माणसाहून उंच वाढतो, तिथली मूळची झाडं दाबून टाकतो, आणि स्वयंसेवक दर उन्हाळ्यात त्याला उपटत फिरतात. हिमालयात तो देशी, तिथे तो उपद्रवी. म्हणून परदेशातल्या बहिणीला गौरीसाठी पाकिटातून तेरड्याचं बी पाठवायचा मोह होईल, तो आवरा. बहुतेक देशांत असं बी टपालाने पाठवण्यावर निर्बंधही असतात.

बी आणायचं कुठून, ठेवायचं कसं

कासहून किंवा कुठल्याही अभयारण्यातून अजिबात नाही, रोपही नाही आणि शेंगही नाही. तुमच्या गावाच्या रस्त्याकडेला, ओळखीच्या शेताच्या बांधावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकलेल्या शेंगा असतात. एका ठिकाणहून दहा-बारा पुरेत. एकीत बऱ्याच बिया निघतात.

फुगलेल्या शेंगेला तळहाताची ओंजळ करून मगच हात लावा, नाहीतर बिया गवतात. दोन दिवस सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा राहून बुरशी धरते. पुडीवर गावाचं नाव आणि महिना लिहा.

आणि कुंडीतल्या तेरड्याच्या निम्म्या शेंगांना हातच लावू नका. त्या फुटतील तशा फुटू देत. दिवाळीत काडी सुकली की ती मुळाशी कापून त्याच मातीवर टाका, कुंडी उकरू नका, तिच्यात दुसरं काही लावू नका. उन्हाळ्यात घरी येणारा प्रत्येक पाहुणा रिकाम्या कुंडीकडे बघून विचारेल. आमच्याकडे त्या कुंडीवर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, ‘आत तेरडा आहे’.